रेजिनाने तक्रार सोडली होती

पोछा मारणारी मंदा म्हणाली, "आजी, सुनेले उठवा न. पलंगाखालची फरशी पुसाची हाये."

मी सलाईनचा हात सांभाळत वाकले आणि रेजिनाला हाक मारली. ती माझ्या पलंगाला लागून खाली चटईवर झोपली होती, तोंड भिंतीकडे करून. दोनदा हाक मारली तरी हलली नाही. मंदाने फडकं बादलीत टाकलं, खाली बसली, तिच्या खांद्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"अवं माय, ह्या तं तव्यावानी तापल्या."

तिने रेजिनाला सरळ केलं. डोळे अर्धे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. ओठाच्या कडेला लाळ वाळली होती. मी ओरडले, "सिस्टर, माझी सून मरून राह्यली!" शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "झोपा आजी, काई नाई झालं." तापात मी रोजच ओरडत होते, त्यामुळे वॉर्डाला त्याची सवय झाली होती. सिस्टर धावत आली तीही माझ्याकडेच आली आणि माझी नाडी धरली.

"मी नाई वं," मी म्हटलं. "ती. खाली पाह्य."

रेजिनाला मलेरिया होता. मला होता तोच, त्याच गावातून आणलेला. माझ्या हाताला जे औषध चालू होतं तेच तिला पाहिजे होतं. त्या औषधाच्या खाली चटई टाकून ती ताप अंगावर काढत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती.

आम्ही

माझं नाव मार्था. मी पुलगावची. चौथीपर्यंत शिकले. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला. जोसेफ हा एकच मुलगा. तो वेल्डिंग शिकवतो. रेजिना शिवण शिकवायची. त्यांची मुलगी ल्युसी, नऊ वर्षांची.

आम्ही कॅथलिक. आमच्यात फादर आणि मठातल्या सिस्टर मिशनवर जातात हे सगळ्यांना माहीत असतं. पण लग्न झालेली, मुलंबाळं असलेली माणसंही जातात. त्यांना प्रापंचिक मिशनरी म्हणतात. जोसेफ आणि रेजिना असे तीन वर्षांसाठी आफ्रिकेत, टांझानियात गेले. मी मिशनरी नव्हते. म्हातारी मागे एकटी राहू नये म्हणून त्यांनी मला सोबत नेलं होतं.

निघायच्या आधी शेजारची कुसुम भिंतीवरून म्हणाली होती, "तिकडचे लोक इकडं मिशनरी म्हणून येत, ते आयकलं होतं. वर्ध्याचे लोक तिकडं काऊन चालले बाप्पा?"

"जोसूले विचार," मी म्हटलं. "मी सामानात हाये."

तिथे गेले तर काळी माती आणि पऱ्हाटी. मोठ्या सरोवराच्या बाजूचा तो भाग कापसाचाच. बोंडं फुटलेली पाहिली आणि वाटलं, इतक्या दूर विमानाने येऊन पुलगावजवळच्या देवळीच्या वावरातच उतरलो. जोसेफ पोरांना वेल्डिंग शिकवायचा, रेजिना पोरींना शिवण. मी रांधायचे. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा घाटायला शिकले, त्याला उगाली म्हणतात. ते लोक मला बीबी म्हणत, म्हणजे आजी.

त्या लोकांची एक गोष्ट मला फार आवडली. कोणी आजारी असलं, कोणाचा पाय मुरगळला, कोणी नुसतं ओझं घेऊन चाललं असलं, तरी समोरचा माणूस "पोले" म्हणतो. म्हणजे तुला त्रास होतोय, मला वाईट वाटतं. ऐकणाऱ्याने ते घ्यायचं. मला काही होत नाही, असं तिथे कोणी म्हणत नाही.

तिथे मलेरिया आपल्याकडच्या सर्दीसारखा. आम्हा सगळ्यांना तो होऊन गेला होता. थंडी वाजली की आरोग्य केंद्रात जाऊन रक्त द्यायचं, गोळ्या घ्यायच्या, चार दिवसांत उठायचं. गोळ्यांचा डबा घरातही असायचा. परत यायला निघालो तेव्हा रेजिनाने तो डबा शेजारणीच्या हातात दिला. म्हणाली, "इथं तुमाले लागतील. पुलगावात आमाले काय कामाच्या?" तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं.

राखेचा बुधवार

आम्ही परत आलो आणि थोड्याच दिवसांत उपवासकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाऊन कपाळावर राखेचा क्रूस घेतो आणि त्या चाळीस दिवसांसाठी प्रत्येक जण काहीतरी सोडतो. आमच्या घरात ते जेवताना सांगायची रीत आहे.

जोसेफने चहा सोडला. ल्युसीने कुरकुरे सोडले. मी म्हटलं, "मी काई सोडत नाई. दात गेले, तेवढं देवाले पुरे."

रेजिना हसली. मग म्हणाली, "मी तक्रार सोडते. कशाचीच करनार नाई. ईस्टरपर्यंत."

"हे आईनं सोडाले पायजे होतं," जोसेफ म्हणाला. "घराले शांती भेटली असती."

"मंग तुमाले करमन का?" मी म्हटलं.

सगळे हसलो. मीही हसले. पण रेजिना गमतीने काही बोलणारी बाई नव्हती. तिकडे एका उपवासकाळात तिने मीठ सोडलं होतं आणि पूर्ण चाळीस दिवस अळणी उगाली खाल्ली होती. मी तिच्या ताटात चोरून मीठ टाकलं तर ताट सरकवून उपाशी उठली. गरीब स्वभाव आणि हट्ट एकाच माणसात असले की त्याच्याशी भांडताही येत नाही.

माझा ताप

आधी मला थंडी वाजली. भर उन्हात दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते, म्हणजे जे चार उरलेत ते. मी पहिल्या मिनिटापासून आरडाओरडा केला. जोसेफने गल्लीतल्या डॉक्टरला आणलं. तो म्हणाला व्हायरल आहे, आराम करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मी जोसेफला म्हटलं, "हा आराम करून मी कब्रस्तानात जाईन. मले वर्ध्याले ने."

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने विचारलं, "आजी, एवढ्यात कुठे बाहेरगावी गेला होतात का?"

"आफ्रिकेत."

तिने लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुलगावची म्हातारी तापात बरळते आहे असं तिला वाटलं असणार. रेजिनाने सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला. रक्त घेतलं. दुपारी ती परत आली आणि खुर्ची ओढून बसली. डॉक्टर उभ्याने न सांगता बसून सांगायला लागला की समजून जायचं.

"मलेरिया आहे आजी. तिकडचा आहे, डोक्यात चढू शकतो. पण तुम्ही वेळेवर आलात."

मला मरणाची भीती वाटली. या वयात वाटू नये असं लोक म्हणतात. वाटते. रोजरीची जपमाळ हातात घेतली पण प्रार्थनेचे शब्द आठवेनात, इतकी भीती वाटली.

वॉर्डात

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. म्हणून रेजिना राहिली. ल्युसी कुसुमकडे राहिली. जोसेफ सकाळ-संध्याकाळ कुसुमचा डबा घेऊन पुलगावहून यायचा. वरण-भात, आलूची भाजी. तापाच्या तोंडाला सगळं कडू लागायचं, तरी डबा उघडला की वास बरा वाटायचा. दवाखान्यात अशाच गोष्टींवर दिवस निघतो. पहाटे झाडू, मग पोछा, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि त्यानंतर कोणाच्या घरून कोण येतं त्याची वाट.

रेजिना माझे केस विंचरायची. चमच्याने पाणी द्यायची. मी चिडचिड करायचे, पाणी गरम आहे म्हणायचे, उशी टोचते म्हणायचे. ती उशी बदलायची.

तिचा डबा तसाच परत जायचा. मी विचारलं तर म्हणाली, "उपवास हाये न आई." ते खोटं नव्हतं, त्या काळात आम्ही कमीच जेवतो. तिच्या अंगावर दिवसभर शाल असायची. मला वाटलं, वॉर्डात पंखे जोरात आहेत. मला जे वाटायचं त्यातलं अर्धं तापातलं होतं. पंख्याच्या जागी मला कधी कधी कावळा दिसायचा.

एक गोष्ट मात्र मी शुद्धीत ऐकली आहे. डॉक्टरीणबाई फेरीला आली की माझं बघून झाल्यावर रेजिनाला विचारायची, "आणि तुम्ही? तुम्हीपण तिकडूनच आलात. ताप, डोकेदुखी काही?"

रेजिना म्हणायची, "मी बरी आहे."

रोज विचारायची आणि रोज तेच उत्तर मिळायचं. डॉक्टरीण आणखी काय करणार? चालत्या-बोलत्या माणसाला ती म्हणते आहे तेच खरं धरतात. नंतर रेजिनाच्या पर्समध्ये तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली.

जोसेफ

रेजिनाला वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं. तोंडात नळी घातली. मला चाकाच्या खुर्चीवरून एकदा दाखवायला नेलं. तिचे केस कोणीतरी वर बांधले होते, तिला न शोभेल असे.

जोसेफ माझ्या पलंगाजवळ उभा राहिला. बसला नाही.

"आई, तुह्याजवळच होती न ते?"

"हो."

"तुले दिसलं नाई?"

"नाई दिसलं."

"सोताले काटा रुतला तरी गाव गोळा करतं तू."

"करतो," मी म्हटलं. "म्हणून वाचली."

मी हे बोलायला नको होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. पण ते खरं होतं आणि त्यालाही ते माहीत होतं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. डबा आणायचा, स्टुलावर ठेवायचा आणि वर निघून जायचा. त्याच्या चालण्यावरून मला कळायचं की त्याने मनात हिशेब केला आहे. दोघींतली एकच वाचणार असेल तर कोण वाचायला हवी होती, त्याचा. मी त्याला दोष देत नाही. मला कोणी विचारलं असतं तर मीही रेजिनाचंच नाव सांगितलं असतं. पण देव असं विचारत नाही.

फादर येऊन तिला आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल लावून, प्रार्थना करून गेले. डॉक्टरीणबाईने ल्युसीला थोडा वेळ आत सोडलं. नियमात नव्हतं, तरी सोडलं. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. ल्युसीने आईच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "पोले, मम्मी."

रेजिना झावळ्यांच्या रविवारच्या आधी गेली, ईस्टर आठवडाभरावर असताना. पुन्हा शुद्धीवर आली नाही.

फादर

ती गेली त्याच सकाळी मला घरी जायची परवानगी मिळाली. उभं राहवत नव्हतं. तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पुढे खुर्ची टाकून मला बसवलं. ल्युसी खुर्चीला धरून उभी होती.

फादर तरुण आणि चांगल्या मनाचे. प्रवचनात ते म्हणाले की रेजिनाने आपलं सगळं दुःख मूकपणे देवाला अर्पण केलं, शेवटपर्यंत तोंडातून तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आमच्या मुलींपुढे तिचा आदर्श आहे. बायका पदराला डोळे पुसत होत्या. जोसेफने मान खाली घातली होती.

कब्रस्तानातून परतताना मी फादरना थांबवलं.

"फादर, तिनं अर्पण नाई केलं. तिनं लपवलं. देवानं मागतलं नव्हतं."

"मार्थाबाई, दुःखात माणूस असं बोलतो. मी समजू शकतो."

"दुःखात नाई बोलून राह्यली. शुद्धीत बोलून राह्यली. तुमी म्हनता आदर्श. पोरी आयकून राह्यल्या, फादर."

जोसेफ मागून आला आणि माझा दंड धरून मला पुढे नेलं. त्याला माझी लाज वाटली होती.

ल्युसी

रेजिनाला मलेरिया निघाला तेव्हाच डॉक्टरीणबाईने जोसेफचं आणि ल्युसीचं रक्त तपासलं होतं. काही निघालं नव्हतं. पण तिने बजावलं होतं की एकदा नाही निघालं म्हणजे सुटलो असं समजू नका, पुढेही ताप आला की त्याच दिवशी आणा.

ईस्टर आला आणि गेला. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जोसेफ चहा प्यायला लागला, पण उभ्याने, ओट्याशी. कुसुम भिंतीवरून विचारायची, "जेवले का वं?" मी "हो" म्हणायचे.

एका दुपारी ल्युसी मागच्या खोलीत बसलेली दिसली. अंगावर आईची शाल होती. पुलगावचं ते ऊन, कुलरचं पाणी संपलेलं, पत्रे तापलेले, आणि पोरगी शाल घेऊन बसलेली.

"काऊन वं, थंडी वाजते?"

तिने मान हलवली. नाही.

"डोकं दुखते?"

"नाई आजी. मी बरी आहे."

माझे गुडघे आजारपणानंतर धड वाकत नव्हते. तरी मी खाली बसले आणि तिचं तोंड हातात धरलं. तापलं होतं.

"खोटं नको बोलू. कुठं दुखते ते सांग."

"मम्मीनं नाई सांगितलं."

"म्हणून मम्मी गेली."

हे मी नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं. तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की देवाला तिची आई आवडली.

ती म्हणाली, "फादर म्हणे मम्मी चांगली होती, म्हणून बोलली नाई."

"चांगली होती. अन् बोलाले पायजे होतं. दोन्ही खरं हाये. आता बोल. तक्रार कर."

"डोकं दुखते," ती म्हणाली.

"अजून?"

"गुडघे. पाठ. उलटीवानी होते."

"अजून?"

मग ती रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. शाळेचा बूट चावतो. कुसुमकाकूच्या भाजीत तिखट जास्त असतं. पप्पा बोलत नाहीत. आजी केस ओढून वेणी घालते. तिकडची मैत्रीण आठवते. मम्मीने तिला विचारलं पण नाही आणि निघून गेली. तिला मम्मीचा राग येतो. मी प्रत्येकाला "अजून?" म्हणत गेले. ती ओरडत होती आणि मी तिला ओरडू देत होते.

जोसेफ दारात येऊन उभा राहिला होता. किती वेळ ते माहीत नाही. तो आत आला, शालीसकट तिला उचललं आणि म्हणाला, "आई, चाल. ऑटो आणतो."

दवाखान्यातल्या त्या बोलण्यानंतर तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

पुन्हा तोच वॉर्ड

डॉक्टरीणबाईने आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता रक्त घ्यायला सांगितलं. मलेरियाच होता. सुरुवातच होती. औषध लगेच चालू झालं. मी ल्युसीला सांगून ठेवलं होतं, की सुई टोचली तर ओरडायचं. ती इतकी ओरडली की सिस्टर म्हणाली, "आजीवर गेली." मला बरं वाटलं.

जोसेफ पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. बराच वेळ तो तिच्या पायाशी चादर नीट करत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले झोप येत नाई, आई. तवापासून."

"सांगाचं न मंग," मी म्हटलं.

"सांगून राह्यलो न."

त्याने डोकं पलंगाच्या काठावर टेकलं. मी ल्युसीच्या अंगावरून हात पलीकडे नेला आणि त्याच्या केसांवर ठेवला. आमच्यात एवढंच झालं. तो मला माफ करून बसला असं मी म्हणत नाही. माफ करण्यासारखं मी काही केलं होतं असंही मी म्हणत नाही. ती माझ्या पलंगाला लागून निजली होती आणि मला दिसलं नाही, हे तो आणि मी दोघंही मरेपर्यंत विसरणार नाही.

डॉक्टरीणबाईला मी एकदा विचारलं, "ते बोलली असती तं वाचली असती का?"

तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, "बहुतेक हो, आजी."

हे मी एवढ्यासाठी लिहिलं, की अशी बाई पुष्कळ घरांत असते. चर्चला जाणारी असो की मंदिरात, ती सगळ्यांना औषध देते आणि आपला ताप चहाबरोबर गिळते. लोक तिला सोशिक म्हणतात. तिला सोशिक म्हणू नका. तिच्या कपाळाला हात लावा. आणि ती बाई तुम्हीच असाल तर तोंड उघडा. लोक त्रासतील, हसतील, म्हातारी कटकट करते म्हणतील. म्हणू द्या.

जोसेफला या खेपेला मलेरिया झाला नाही. रेजिना गेली. ल्युसी वाचली आणि मी वाचले.